युसूफचं गाव आणि गोष्ट सांगणारी माणसं

केज तालुक्यातल्या युसूफ वडगावच्या नावातच एक गोष्ट आहे. कुरआनातल्या बाराव्या सूरहचं नाव युसूफ, आणि त्या सूरहतच या कथेला सर्वांत सुंदर कथा म्हटलं आहे. लहानपणी ती ऐकताना मला विहीर आणि लांडगा लक्षात राहायचा. आता लक्षात राहतो तो दुष्काळ. घरातलं धान्य संपलं म्हणून युसूफ अलैहिस्सलाम यांचे भाऊ परमुलखात गेले. बीडच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास इथली माणसं मुकादमाची उचल घेऊन, संसार ट्रॅक्टरवर लादून पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊस तोडायला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. हिशेबात त्यांना तेवढंच नाव.

अमेरिकेतही असंच घडलं होतं. १९३०च्या दशकात दुष्काळ आणि धुळीच्या वादळांनी ओक्लाहोमाकडची शेती उजाड झाली. कुटुंबंच्या कुटुंबं मोडक्या गाड्यांत बसून कॅलिफोर्नियाच्या मळ्यांत मजुरीला गेली. जॉन स्टाइनबेकने १९३९ साली त्यांच्यावर ‘द ग्रेप्स ऑफ रॅथ’ ही कादंबरी लिहिली. पुढच्याच वर्षी जॉन फोर्डने तिचा सिनेमा केला. त्याच वर्षी ओक्लाहोमाचाच वुडी गथ्री गिटार घेऊन हीच गोष्ट गात होता. कादंबरी, सिनेमा, गाणं, तिन्हींत माणूस कोण, कुठला आणि त्याचं काय झालं, हे आधी येतं. उपदेश मागे राहतो. म्हणूनच हे गाणं मला परकं वाटत नाही. आपला पोवाडाही हेच करतो.

गथ्रीचा जन्म १९१२चा. त्यानंतर चार वर्षांनी आपल्या शेजारच्या बार्शीत मेहबूब हुसेन पटेल जन्मले. त्यांना महाराष्ट्र शाहीर अमर शेख म्हणून ओळखतो. अण्णाभाऊ साठे आणि द. ना. गव्हाणकर यांच्यासोबत त्यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं आणि संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात आपला आवाज गावोगाव नेला. गथ्री १९६७ साली गेला, अमर शेख १९६९ साली. गथ्रीचं नाव आज जगभर घेतलं जातं. अमर शेखांचं नाव आपल्या मोहल्ल्यातल्या किती पोरांना माहीत आहे? कुणी विचारतं, ‘तुम्ही मुसलमान असून इतकं चांगलं मराठी कसं बोलता?’ तेव्हा आपण ओशाळून हसतो. उत्तर बार्शीत जन्मलं होतं, ते आपल्याला आठवत नाही.

गोष्ट सांगणारा माणूस सत्तेला का खुपतो, हे चैतन्य ताम्हाणेच्या ‘कोर्ट’ या २०१४च्या सिनेमात दिसतं. एका लोकशाहिरावर खटला चालतो. आरोप असा, की त्याचं गाणं ऐकून गटार साफ करणाऱ्या कामगाराने जीव दिला. सिनेमात आरडाओरडा नाही. कॅमेरा शांतपणे बघत राहतो. शाहिराची भूमिका केली वीरा साथीदार यांनी, जे स्वतः चळवळीतले कार्यकर्ते होते.

आपल्या बायकांनी तर शाहिरांच्याही आधीपासून जात्यावर गोष्टी सांगितल्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी महाराष्ट्रातल्या हजाराहून जास्त गावांतून लाखभर ओव्या जमवल्या. बीड जिल्ह्यातल्या माजलगावातही त्यांनी ओव्या ध्वनिमुद्रित केल्या. त्या झाल्या नसत्या, तर जात्यांसोबत त्या बायकांचे आवाजही गेले असते.

आपल्यातले काही म्हणतील, गाणं-बजावणं आपल्यात बसत नाही. वाद्यांबद्दल उलेमांत मतभेद आहेत, मी त्यात पडत नाही. पण माझी दादी दळताना ओवी म्हणायची, तेव्हा वाद्य कुठलं होतं? घरात ती दखनी बोलायची, ओवी मात्र मराठीत. दादी गेली. तिची एकही ओवी माझ्याकडे पुरी नाही. आयुष्यभर मी मुसलमानांच्या मागासलेपणावर आकडे देऊन लेख लिहिले, पण घरातली बाई ऐकायची राहून गेली.

आकड्यांची मर्यादा मला इथेच कळली. २०१९ साली सरकारी समितीने बीडमधल्या सुमारे ८२ हजार ऊसतोड महिलांची पाहणी केली. त्यांतल्या १३ हजारांहून जास्त जणींची गर्भाशयं काढलेली आढळली. बातमी आली आणि विरली. आकडा कळला, बाई कळली नाही. त्यातली एक जरी कुणाच्या गाण्यात, कथेत, सिनेमात नावागावासह उभी राहिली असती, तर ती इतक्या लवकर विसरली गेली नसती.

ते काम कुणी बाहेरचा येऊन करील, याची वाट बघू नये. मोबाइल आता प्रत्येकाच्या खिशात आहे. मुकादमाची गाडी येण्याआधी, किंवा ऊस तोडून माणसं परतल्यावर, घरातल्या म्हातारीजवळ बसा. ती काय गायची, कुठे कुठे राबली, कोपीत पहिलं मूल कसं झालं, ते विचारा. तिच्या परवानगीने आवाज टिपून घ्या, तारीख आणि गावाचं नाव लिहा. सर्वांत सुंदर कथा किताबात आहेच. आपल्या कथा मात्र आपल्यालाच जपाव्या लागतील.