डब्यावर आकडा छापा

उन्हाळा लागला की अकोल्यात माझा फोन थांबत नाही. प्रत्येकाला गच्चीवर ऊन परतवणारा रंग हवा असतो. मी रंगकामाचे ठेके घेतो, त्यामुळे धंद्याबद्दल तक्रार नाही. तक्रार डब्याबद्दल आहे. ‘घर थंडगार’ असं ठळक छापतात, पण किती टक्के ऊन परत जातं ते बऱ्याच डब्यांवर शोधूनही सापडत नाही.

गिऱ्हाईक म्हणतं, पांढरा आहे ना, मग झालं! नाही झालं. उन्हातली जवळपास निम्मी ऊर्जा डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांत असते. तिथे रंग काय करतो, हे उपकरणानेच मोजावं लागतं. शिवाय तापलेलं छत उष्णता किती बाहेर टाकतं, तेही बघावं लागतं. या दोन्हींतून ‘एसआरआय’ निघतो : ठरावीक काळ्या पृष्ठभागाला 0, ठरावीक पांढऱ्याला 100.

कोरा चकचकीत पत्रा मार खातो तो दुसऱ्या मापात. ऊन बरंचसं परतवतो, पण शिरलेली उष्णता सहजासहजी सोडत नाही. मे महिन्यात हात लावून बघा. आणि काही विक्रेते नेमकी त्याच पत्र्यावर तापमानाची गन रोखून कमी आकडा दाखवतात! गन मोजते पत्र्याकडून येणारे उष्णतेचे किरण, आणि चकचकीत पत्रा ते फार कमी सोडतो. मी पत्र्याला खालून इलेक्ट्रिशियनची काळी टेप चिकटवतो, ती तापू देतो आणि टेपवर गन धरतो. आकडा टणकन वर जातो. विक्रेत्याचा चेहरा तेव्हा बघण्यासारखा असतो.

चुन्याला मी नावं ठेवणार नाही. ताजा चुना ऊन झकास परतवतो, पावसात उतरतो एवढंच. महागडे रंगही धुळीने, शेवाळाने, कबुतरांच्या कृपेने मळतातच. म्हणून अमेरिकेतली कूल रूफ रेटिंग कौन्सिल नव्या रंगाचा आणि तीन वर्षं उघड्यावर ठेवलेल्या रंगाचा, असे दोन्ही आकडे जाहीर करते. तेलंगणाने 2023 मध्ये थंड छतांचं धोरण आणलं. विदर्भाचा उन्हाळा काही त्यांच्यापेक्षा सौम्य नाही. आपल्या सरकारने हे दोन्ही आकडे डब्यावर सक्तीचे करावेत, आणि शाळा-अंगणवाड्यांच्या छतांच्या निविदांतही मागावेत.

तोवर डबा घेताना दुकानदाराला एसआरआय विचारा, नवा आणि तीन वर्षांनंतरचाही. सांगता आला नाही, तर चुना घ्या, स्वस्तात पडेल.