बाजाराच्या दिवसाचा दवाखाना

अध्यक्ष व सभासद, जुन्नर नगरपरिषद, यांस,


करोनाच्या महामारीने आपल्या आरोग्यव्यवस्थेचे दारिद्र्य चव्हाट्यावर आणल्यानंतर पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२२ ते २०२५-२६ या पाच वर्षांसाठी देशातील स्थानिक स्वराज्य संस्थांच्या पदरी केवळ आरोग्याप्रीत्यर्थ ७०,०५१ कोटी रुपये घालण्याची शिफारस केली, हे आपणांस विदित आहेच. याखेरीज त्याच पाच वर्षांसाठी जे मूळ अनुदान ठरले त्याचा ६० टक्के हिस्सा पाणी व स्वच्छता यांस बांधलेला असून उरलेला ४० टक्के मोकळा होता. मात्र त्यातून पगार व आस्थापनाखर्च भागविता येत नव्हता. ही अट वाचून पुष्कळ ठिकाणच्या कारभाऱ्यांना हायसेच वाटले असावे, कारण माणसे नेमावयाची नाहीत असे एकदा ठरले, की कमान, पेव्हर ब्लॉक आणि चौकाचे सुशोभीकरण यांपलीकडे विचार करण्याची तसदी उरत नाही.

हा पैसा खरा कोठे लागतो हे कळावे म्हणून महामारी ओसरल्यानंतरच्या उन्हाळ्यात पाहिलेला एक प्रसंग सांगतो. डोंगरातल्या घाटघराकडची एक आजी हिरड्याचे गाठोडे घेऊन बाजारास आली होती. व्यापाऱ्याने माप केले, पैसे पदराच्या गाठीत गेले, आणि ती एका दवाखान्याच्या दाराशी – तो कोणता, हे सांगण्याचे प्रयोजन नाही – येऊन उभी राहिली. दारास कुलूप होते. तिने कनवटीचे गोळ्यांचे रिकामे पाकीट काढून मला दाखविले. त्यावरील नाव तिला वाचता येत नव्हते, रंग तेवढा ओळखीचा होता. "आता पुढल्या बाजारालाच यायचं, बाबा," एवढे बोलून ती एस. टी. च्या थांब्याकडे वळली.

या आजीसारखी माणसे आपल्या घरपट्टीच्या दप्तरात नाहीत, असा आक्षेप निघेल. परंतु ज्या बाजारावर गावाची दुकाने चालतात, तो बाजार भरतो तो या डोंगरपट्ट्यातील माणसांच्या पायांनी. शेजारच्या आंबेगाव तालुक्यात तरी निराळे काय आहे? डिंभे धरणाच्या पाण्यापलीकडचा आहुप्याचा मनुष्य घोडेगाव वा मंचर गाठतो तो असाच, बाजार आणि दुखणे एका फेरीत उरकण्याच्या हिशेबाने.

म्हणून माझी सूचना अशी, की आपल्या दवाखान्याची साप्ताहिक सुट्टी बाजाराचा वार सोडून ठेवावी आणि त्या दिवशी दिवे लागेपर्यंत दार उघडे असावे. रक्ताच्या तपासणीची साधने आणि श्वानदंश व सर्पदंश यांवरील लस-औषधे राखण्याचे शीतकपाट अनुदानाच्या मोकळ्या हिश्श्यात जे शिल्लक असेल त्यातून घ्यावे. डॉक्टर व तंत्रज्ञ यांच्या वेतनाचा भार आरोग्याच्या निधीत जी शिल्लक असेल तिच्यावर टाकावा, आणि तो निधी आटेल त्या वर्षासाठी स्वतःच्या अंदाजपत्रकात आजच तजवीज करून ठेवावी, कारण माणसाविना यंत्र म्हणजे आच्छादनाखाली झाकलेले लोखंड होय, आणि तसले लोखंड कोणत्या सरकारी इमारतीत दिसत नाही?

आणखी एक, हिशेबाविषयी. नाणेघाटात जकातीचा म्हणून दाखवितात तो दगडी रांजण आपण पाहिला असेल. त्यात काय पडले नि कोठे गेले, याचा पत्ता आज कोणासही नाही. उलट मानमोडीच्या लेण्यात महाक्षत्रप नहपानाचा अमात्य अयम याने एक पोढी, म्हणजे पाण्याचे टाके, आणि एक मंडप दिल्याची नोंद ४६ या वर्षासह खडकात कोरलेली असून ती अद्याप वाचता येते. आपणांस खडक कोरावयाचा नाही. वित्त आयोगाकडून आले किती, खर्च कशावर झाला आणि शिल्लक काय, एवढे दवाखान्याच्या दाराशी साध्या मराठीत रंगवून लावावे, आणि हा विषय येत्या सर्वसाधारण सभेपुढे मांडावा, ही विनंती.

आपला,
कसब्यातील एक घरपट्टीदार