बोरीच्या राखेचे वय : मोजले काय, सांगितले काय?

पुणे जिल्ह्यात, जुन्नर तालुक्यातील बोरी येथे, कुकडी नदीच्या गाळात ज्वालामुखीची राख आहे आणि तिच्या सान्निध्यात अशूलियन परंपरेची पाषाणहत्यारे. १९८९ साली पोटॅशियम-आर्गॉन पद्धतीने या राखेचे वय सुमारे १४ लाख वर्षे निघाले. १९९५ साली आर्गॉन-आर्गॉन मापनाने ते ६.७ लाखांवर आले. त्याच वर्षी काचकणांच्या रासायनिक विश्लेषणाने ती सुमात्रातील टोबाच्या सुमारे ७५ हजार वर्षांपूर्वीच्या उद्रेकाची ठरवली. २०११ मध्ये पुन्हा सुमारे ८ लाख! महाराष्ट्रात माणूस कधी आला, या प्रश्नाचे एक उत्तर या आकड्यांवर अवलंबून आहे; बातम्यांत मात्र त्यांतला सर्वांत मोठा तेवढा झळकतो.

ज्वालामुखीजवळ फेसाळ शिलारस थिजून प्युमिस बनतो. तीन हजारांहून अधिक किलोमीटर दूर बोरीला पोहोचतात त्या फेसाच्या फुटलेल्या बुडबुड्यांच्या काचेरी भिंती. त्यांतील मूलद्रव्यांच्या प्रमाणावरून उगम ओळखता येतो. परंतु टोबाचे मोठे उद्रेक एकाहून अधिक आहेत आणि भावंडांचे चेहरे मिळतेजुळतेच असतात. आर्गॉन वय सांगतो खरा, पण नमुना निर्भेळ असेल तर. बोरीभोवती सुमारे ६.६ कोटी वर्षांचा बेसाल्ट पसरला आहे. संपूर्ण नमुना एकत्र मोजताना त्यातील पोटॅशियमपैकी केवळ १ टक्का या खडकातून आला, तरी ७५ हजार वर्षांची राख सुमारे ७.३ लाख वर्षांची भासेल. (हिशेब दोन ओळींचा आहे, विद्यार्थ्यांनी अवश्य करून पाहावा.) म्हणून एकेका स्फटिकाचे मापन आणि त्याच थरातील काचेचे रसायन एकत्र मांडल्यावाचून बोरीचा कोणताही आकडा अंतिम म्हणून शिकवला जाऊ नये.

शिवाय वय राखेचे आहे, हत्याराचे नव्हे. नदी दोन्ही उचलून अन्यत्र आणून टाकू शकते. चेन्नईतील अंबत्तूरच्या वायव्येस, कोसस्थलैयार खोऱ्यातील अत्तिरम्पाक्कम येथे ही अडचण टळली. तेथे शांती पप्पू आणि सहकाऱ्यांनी क्वार्ट्झाइटच्या हत्यारांतीलच बेरिलियम-१० व ॲल्युमिनियम-२६ मोजून, ती सुमारे १५ लाख वर्षांपूर्वी गाडली गेल्याचे २०११ मध्ये दाखवले. या पद्धतीला गारगोटीचे खनिज लागते, आणि दख्खनच्या बेसाल्टात ते जवळजवळ नसतेच. बोरीत सारा भार राखेवर पडतो तो यामुळेच.