तळ्यात का?

आळंदीजवळ एका शेतकरी कुटुंबाच्या कृषी पर्यटन केंद्रात नुकताच सहकुटुंब मुक्काम केला. चुलीवरचे पिठले-भाकरी, अंगणात बाजा आणि पोहायला शेततळे. प्लॅस्टिकच्या अस्तरावर पाय ठरत नाही, म्हणून मालकांनी काठाला दोर बांधलेले. अशा केंद्रांसाठी राज्याने 2020 मध्ये धोरण आणले, हे चांगलेच झाले.

पण नातवाने विचारले, “आजोबा, नदी एवढी जवळ, मग तळ्यात का?”

मी इंद्रायणीतच पोहायला शिकलो. आता तिच्यावर अनेकदा सांडपाण्याचा फेस तरंगतो. कारखान्यांच्या, तसाच आपल्या न्हाणीघरांच्याही. बँकेत आम्ही खातेदारांना बजावत असू, मुद्दल मोडू नका. नदी हे आपले मुद्दल होते. ते आपणच मोडले. नातवाला तेवढेच सांगितले आणि तळ्याचे पैसे मुकाट्याने मोजले.