मागच्या सीटचा मान

मंडळी, आज जरा भांडायचं आहे, आणि तेसुद्धा मोटारीवरून! आयुष्यभर एसटीतून आणि विरार-डहाणू शटलमधून फिरलेल्या मास्तरीणबाईंनी पाऊण कोटीच्या गाडीवर लिहावं, याची काहींना गंमत वाटेल. वाटू दे. गेले काही महिने आमच्या घरात, फोनवर आणि लग्नकार्यात या गाड्यांशिवाय दुसरा विषय नाही. कुणाची क्रॉसओव्हर, कुणाची एसयूव्ही, कुणाची 'नवीन मॉडेल आलंय, थांबलोय'. ऐकून ऐकून मलाही बरंच कळायला लागलं आहे. आणि जे कळलं, त्यावरूनच हे भांडण आहे.

उदाहरणासाठी मर्सिडीजची जीएलसी घेते. तिचा आणि आमच्या पालघर जिल्ह्याचा संबंध आहे, तो पुढे येईलच. ऑगस्ट २०२३ मध्ये तिचं नवं रूप भारतात आलं. जुळणी आपल्या चाकणलाच. तेव्हाची शोरूमची किंमत साडेत्र्याहत्तर लाखांपासून पुढे. जुन्या गाडीपेक्षा साधारण ६० मिलिमीटर लांब, सामानाला ६२० लिटर जागा, मधोमध ११.९ इंचांचा टचस्क्रीन, चालवणाऱ्यासमोर १२.३ इंचांचा आणखी एक. बॉनेटखालचा रस्ता पडद्यावर दाखवणारा कॅमेरा, आणि वर छतभर काच. सप्टेंबर २०२५ मध्ये म्युनिकच्या प्रदर्शनात तिची विजेवर चालणारी बहीण दाखवली, तिच्या पडद्याची लांबी ३९.१ इंच! आमच्या दिवाणखान्यातला टीव्ही ३२ इंची आहे हो...

आता ही यादी पुन्हा वाचा. नात्यातली माणसं नवीन गाडीचं कौतुक सांगतात ते नेमकं याच क्रमाने सांगतात. पडदा, काच, स्पीकर, मागच्या सीटचा मऊपणा. या यादीत मागच्या सीटवरचा पट्टा कधी ऐकलात? मी तरी नाही ऐकला. पट्टा गाडीत असतो, चांगला असतो, कंपनीने पैसा ओतून बनवलेला असतो. पण तो मिरवता येत नाही. माझं भांडण आहे ते या मिरवण्याशी.

४ सप्टेंबर २०२२, रविवार. गुजरातेतल्या उदवाड्याहून मुंबईकडे निघालेली जीएलसी (आधीच्या पिढीची) आमच्याच जिल्ह्यात, चारोटीला सूर्या नदीच्या पुलाच्या कठड्यावर आदळली. टाटा सन्सचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री आणि त्यांच्याबरोबरचे जहांगीर पंडोल गेले. ते दोघे मागे बसले होते, आणि पोलिसांनी सांगितल्याप्रमाणे दोघांनीही पट्टा लावलेला नव्हता. पुढे बसलेले दोघे गंभीर जखमी झाले, पण वाचले. गाडी तीच, पूल तोच, क्षण तोच. गेलेल्यांना बोल लावण्यासाठी हे लिहीत नाही. त्या दिवशी त्यांनी जे केलं ते तुमच्या-माझ्या घरातली दहापैकी नऊ माणसं रोज करतात, म्हणून लिहिते आहे.

तेव्हा आठ दिवस टीव्हीवर चर्चा झाल्या. पूल अरुंद, तीन पदरांचे दोन पदर होतात, कठडा पुढे आलेला. सगळं खरं असेल, रस्ता बांधणाऱ्यांना जाब विचारायलाच हवा. मनोर ते चारोटी हा पट्टा आम्हाला पाठ आहे, तिथे काय काय होतं ते आम्ही जाणतो. पण पूल दुरुस्त करणं माझ्या हातात नाही, आणि खांद्यावरून ओढून घ्यायचा पट्टा आहे! जे हातात नाही त्यावर तावातावाने बोलायचं आणि जे हातात आहे त्यावर बसून राहायचं, ही कुठली रीत?

'बसून राहायचं' हे अक्षरशः बरं का. भाड्याने केलेल्या गाड्यांत पट्ट्याचं बकल सीट कव्हरच्या खाली गाडलेलं असतं. विचारलं तर ड्रायव्हर म्हणतो, "मागे कशाला लागतंय, आजी?"

कशाला लागतं ते सांगते. शाळेत मी मराठी शिकवायचे, पण शिक्षकांच्या खोलीत विज्ञानाचे सर शेजारीच बसायचे, त्यामुळे थोडं कानावर पडलेलं आहे. ताशी ८० किलोमीटरने जाणारी गाडी आदळून थांबली, तरी आतला माणूस थांबत नाही, तो ताशी ८० नेच पुढे जात राहतो. हा वेग म्हणजे साधारण २५ मीटर उंचीवरून, आठव्या मजल्याच्या आसपासहून खाली पडण्याचा वेग. ताशी ४० म्हटलं तरी दुसऱ्या मजल्याची उंची होते. आठव्या मजल्याच्या गॅलरीला कठडा नसेल तर आपण नातवाला तिथे उभं करू का? आणि मागचा माणूस पुढे फेकला जातो तेव्हा पुढच्या सीटवरच आदळतो. म्हणजे पट्टा लावून शहाण्यासारखा बसलेला पुढचा माणूसही त्याच्याबरोबर संकटात.

"पण मावशी, सात एअरबॅग आहेत!" हे भाच्याचं उत्तर. भाचा बोरिवलीहून रोज बोईसर-तारापूरच्या एमआयडीसीत येतो. महामार्गाने चिल्हार फाट्यापर्यंत आणि मग टँकरांच्या रांगेतून आत. त्याने यंदा अशीच एक भारीतली गाडी घेतली, कंपनीचं नाव कशाला सांगू. तर त्याला मी विचारलं, स्टिअरिंगवर 'एसआरएस' अशी अक्षरं आहेत, त्यातल्या 'एस'चा अर्थ काय रे? त्याला माहीत नव्हता. त्याचा अर्थ 'पूरक'. शाळेत पूरक वाचनाचं पुस्तक असतं ना, तसं. मूळ पाठ्यपुस्तक उघडायचंच नाही आणि पूरक वाचनावर परीक्षेला बसायचं, असा विद्यार्थी मी पस्तीस वर्षांत पास झालेला पाहिला नाही. शिवाय समोरून धडक बसली की पुढच्या दोघांसमोर फुगा फुगतो. मागच्यांच्या समोर, बहुतेक गाड्यांत, फुगा नसतोच. असतो तो खिडकीच्या बाजूला.

दुसरं उत्तर, "फाइव्ह स्टार आहे". नवीन जीएलसीलाही युरोपच्या चाचणीत २०२२ मध्ये पाच तारे मिळाले. पण मंडळी, त्या चाचणीत गाडीत जे पुतळे बसवतात ते सगळे पट्टा बांधलेले असतात! ते पाच तारे त्या पट्टेवाल्या पुतळ्यांनी मिळवलेले आहेत. पट्टा न लावता बसणाऱ्याने ते आपल्या नावावर कशाला सांगावेत?

तिसरं उत्तर कुणी तोंडाने देत नाही, पण खरं तेच आहे. मागची सीट आपल्याकडे मानाची. साहेब मागे, मालक मागे, सासूबाई मागे, नवरी मागे. पट्टा बांधायचा तो ड्रायव्हरने, कारण त्याला पोलीस पकडतात. मागे बसणाऱ्याने फक्त रेलून बसायचं. बायकांना तर आणखी एक कारण, साडी चुरगळते. अहो, इस्त्री परत करता येते!

आकडेही बघा. केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणे २०२१ या एका वर्षात सीटबेल्ट न लावलेली १६,३९७ माणसं देशात अपघातांत गेली. त्यात चालक ८,४३८ आणि प्रवासी ७,९५९. म्हणजे जवळजवळ निम्मे 'नुसते बसलेले'.

कायदा नाही असंही नाही. मागे बसणाऱ्यालाही पट्टा सक्तीचा आहे, न लावल्यास एक हजार रुपये दंड आहे. १ एप्रिल २०२५ पासून बनणाऱ्या गाड्यांत मागच्या सीटलाही गजर हवा असा नियम सरकारने केला. पण आपली हुशारी केवढी! गजर वाजू नये म्हणून बकलमध्ये खोचायची खोटी क्लिप बाजारात आली. मे २०२३ मध्ये ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच ऑनलाइन दुकानांना त्या काढायला लावल्या, तेव्हा तेरा हजारांवर जाहिराती उतरल्या. तेरा हजार! लाखो रुपये देऊन सुरक्षितता विकत घ्यायची आणि वर शे-दोनशे रुपयांत तिचं तोंड बंद करायचं.

आणि ती छतावरची काच. भाच्याची मुलं त्यातून कमरेपर्यंत बाहेर उभी राहून महालक्ष्मीच्या डोंगराचे फोटो काढत होती, महामार्गावर, चालत्या गाडीतून. फोटो मला कौतुकाने पाठवले. मी कौतुक केलं नाही, तासभर बोलले. तो रागावला आहे, त्याची आई म्हणजे माझी धाकटी बहीणही थोडी रागावली आहे. हे ती वाचेलच, म्हणून इथेच सांगते: ताई, रागाव, पण मुलांना खाली बसव.

गाडी घेऊ नका असं मी म्हणत नाही. कष्टाने मिळवलंय, घ्या, आनंदाने फिरा. फक्त शोरूममध्ये पडद्याचे इंच विचारण्याआधी मागच्या सीटवर बसा, तिन्ही पट्टे ओढून बघा, आजीच्या हातांना बकल लागतं का ते बघा. विकणाऱ्याने एसी आणि गाणी लावून दाखवण्याआधी हे दाखवावं. आणि गाडी चालवणाऱ्याने एकच नियम करावा: मागच्यांचे पट्टे लागल्याशिवाय गाडी हलणार नाही, मग मागे सासूबाई असोत की साहेब.

मार्गशीर्षात घरात लग्न आहे. गाड्या ठरवणाऱ्यांनी आत्ताच सीट कव्हरखालची बकलं वर काढून ठेवावीत. मी मागेच बसणार आहे, मान आहे माझा तो, आणि पट्टा लावून बसणार आहे. बाजूला बसणाऱ्यालाही लावायला लावणार आहे.

असो. फार बोलले. ज्यांना पटलं नाही त्यांनी जरूर लिहा, भांडू या.