विश्लेषण : भाड्याच्या घराची दुसरी चावी कुणाकडे?

गिरगाव, परळ, लालबागच्या चाळींत चावीचा फारसा प्रश्न नसे. गणपतीला किंवा शिमग्याला गावी जाताना ती शेजारच्या काकूंकडे ठेवली जायची. आता अनेक चाळींच्या जागी टॉवर आहेत. घरमालक उपनगरात किंवा परदेशात राहतो आणि दुसरी चावी असते दलालाच्या खणात. ती किती जणांच्या हातून गेली, हे त्या घरात राहणाऱ्या भाडेकरूला ठाऊक नसते.

चावीला इतके महत्त्व का?

व्यवहारात चावी म्हणजे ताबा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम २४ नुसार ‘लिव्ह अँड लायसन्स’ची मुदत संपल्यावर घर न सोडणाऱ्याला दुप्पट शुल्काइतकी भरपाई द्यावी लागू शकते. त्यामुळे चावी कोणत्या दिवशी परत केली, याला मोल येते. तरीही ती बहुधा वॉचमनच्या हाती सोपवली जाते, पोचपावतीशिवाय. पुढे अनामत रकमेवरून वाद झाला, की पुरावा दोघांकडेही नसतो.

मालक परस्पर दार उघडू शकतो का?

याच कायद्याचे कलम २८ मालकाला घराच्या पाहणीचा हक्क देते, पण पूर्वसूचना देऊन आणि वाजवी वेळी. केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्यात किमान २४ तास आधी सूचना देण्याची तरतूद आहे आणि ती मालकाच्या वतीने काम पाहणाऱ्या व्यवस्थापकालाही लागू होते. मात्र राज्याने स्वीकारल्याशिवाय तो कायदा लागू होत नाही. तरी सूत्र स्पष्ट आहे : दुसरी चावी जवळ असणे म्हणजे आत येण्याची परवानगी नव्हे.

मग दुसरी चावी नकोच का?

हवी. पाइप फुटून खालच्या घरात पाणी गळू लागले किंवा गॅसचा वास आला, तर दार उघडावेच लागते. मात्र ती बंद पाकिटात, पाकिटाच्या तोंडावर भाडेकरूची सही घेऊन ठेवावी. पाकीट फोडले, की लगेच कळते.

दलाल आणि व्यवस्थापकांनी काय करावे?

चावीवर इमारत आणि फ्लॅट नंबर लिहू नये. हरवली तर सापडणाऱ्याला पत्ताच मिळतो. फक्त सांकेतिक क्रमांक लावावा, त्याची वही वेगळी ठेवावी. चावी कुणी, कधी नेली आणि कधी परत केली, याची सहीनिशी नोंद असावी. घर बघायला येणाऱ्यांच्या हाती नुसती चावी देऊ नये, सोबत माणूस जावा.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, भाडेकरू बदलला की कुलपाचा सिलिंडर बदलावा. दादर स्टेशनबाहेर साध्या कुलपाची डुप्लिकेट चावी काही मिनिटांत बनते. जुन्या भाडेकरूने दोन चाव्या परत केल्या म्हणजे तिसरी नाही, असे कुणीच छातीठोकपणे सांगू शकत नाही. डिजिटल कुलूप असेल तर पिन बदलायला हवा. हा खर्च मालकाने उचलणे रास्त आहे; महिन्याच्या भाड्यापुढे तो किरकोळ असतो.

करारात काय असावे?

कलम ५५ नुसार करार लेखी करून नोंदवण्याची जबाबदारी मालकाची आहे. त्या करारात पंखे, गीझर, कपाटे मोजली जातात. तिथेच किती चाव्या दिल्या, दुसरी कुणाकडे आहे आणि ती कधी वापरता येईल, हेही लिहावे. चाळीत चावी ओळखीच्या माणसाकडे असायची. अनोळखी माणसांच्या व्यवहारात त्या ओळखीची जागा निदान करारातल्या नोंदीने तरी घ्यायला हवी.