उभ्या झाडाची किंमत

कोकणातले जंगल बहुतांश खासगी मालकीचे आहे, हे पश्चिम घाटाची काळजी करणाऱ्या शहरी मंडळींच्या सहसा ध्यानात येत नाही. लग्नाचा किंवा दवाखान्याचा खर्च अंगावर आला की मालक उभे रान लाकूडतोडीच्या ठेकेदाराला देतो. पैसा थोडका, पण रोख. पुण्याच्या ‘अप्लाइड एन्व्हायर्नमेंटल रिसर्च फाउंडेशन’ने संगमेश्वर तालुक्यात नेमके हेच दुखणे ओळखले. १९९४ साली स्थापन झालेली ही संस्था मालकांशी करार करते: रान राखा, मोबदला घ्या. याच संस्थेच्या पुढाकारातून भीमाशंकर परिसरात महादेव कोळी कुटुंबांनी गोळा केलेली बेहड्याची फळे ‘फेअरवाइल्ड’ या रानवनस्पतींच्या शाश्वत संकलनाच्या प्रमाणपत्रासह विकली जातात, म्हणजे उभ्या झाडालाच किंमत येते. जुन्या बेहड्याच्या ढोलीत धनेशाची मादी स्वतःला लिंपून घेते आणि नर कित्येक आठवडे बाहेरून तिला भरवतो. ते खोड जळणाच्या भावात गेले की पुढच्या विणीला जागाच उरत नाही. लावलेल्या रोपाला तशी ढोली यायला कित्येक दशके लागतात. म्हणून वृक्षलागवडीच्या सरकारी खर्चातला एक हिस्सा अशा करारांना मिळावा, ही आमची मागणी आहे. पावसाळा सरला की कुऱ्हाडी बाहेर निघतात. निर्णय त्याआधी व्हायला हवा.